मुलांचे स्केटिंग आणि हेल्मेटची निवड : नियम आहेत, पण कोणासाठी?

भिलाई – छत्तीसगडमधील पोलादनगरी भिलाईत बर्फ पडत नाही आणि स्पर्धेच्या मापाचे बर्फाचे मैदानही तेथे नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या या शहरात, बर्फावर स्केटिंग शिकणाऱ्या मुलांनी कोणते हेल्मेट वापरावे हा प्रश्न प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु गेल्या काही वर्षांतील घडामोडींमुळे तो मैदानी प्रदेशातल्या पालकांपुढेही येऊन उभा राहिला आहे आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे अद्याप स्पष्ट झालेले नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई क्रीडा स्पर्धांत भारताच्या पुरुष आणि महिला संघांनी चाकांवरील स्केटिंगच्या ३००० मीटर रिले शर्यतीत कांस्यपदके मिळवली. पुरुषांच्या संघात सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे ही दोन मराठी नावे होती. त्याच संघातील आनंदकुमार वेलकुमार याने सप्टेंबर २०२५ मध्ये चीनमधील बैदाईहे येथे १००० मीटर शर्यतीत विश्वविजेतेपद पटकावले. भारतीय स्केटिंगच्या दृष्टीने ही घटना अभूतपूर्व होती. दुसरीकडे, २०२४ च्या फेब्रुवारीत ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धांचा एक टप्पा प्रथमच लेह येथे झाला आणि बर्फावरील वेगवान स्केटिंगला राष्ट्रीय व्यासपीठ मिळाले. या स्पर्धांत महाराष्ट्र, कर्नाटक यांसारख्या, जेथे तळी गोठत नाहीत अशा राज्यांचे खेळाडू पदकतालिकेत दिसू लागले. देहरादूनमध्ये २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलेले आणि नंतर दीर्घकाळ बंद पडलेले बर्फाचे बंदिस्त मैदान ‘हिमाद्री’ या नावाने पुन्हा सुरू झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये तेथे आशियाई खुली शॉर्ट ट्रॅक स्पर्धाही पार पडली. हे मैदान देहरादूनच्या ज्या भागात आहे, त्याचे नावही योगायोगाने रायपूर असे आहे. छत्तीसगडच्या रायपूरपासून मात्र ते हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे.

या बातम्यांचा परिणाम वसाहतींच्या रस्त्यांवर आणि शाळांच्या सिमेंटच्या पटांगणांवर दिसतो. मैदानी प्रदेशातला मुलगा किंवा मुलगी आधी चाकांवर शिकते, तेथे पाय स्थिर झाले की सुटीत सिमला, गुडगाव किंवा देहरादून येथे बर्फावर उभी राहते. सिमल्याचे मैदान १९२० पासूनचे असून तेथे थंडीने पाणी गोठले तरच हंगाम साधतो. गुडगाव व देहरादून येथील मैदाने यंत्राने गोठवलेली आहेत. चाकांकडून बर्फाकडे जाणाऱ्या या वाटेवर मुलाच्या पायातले साधन बदलते, पण डोक्यावरचे हेल्मेट बहुधा तेच राहते. म्हणूनच शिकण्याच्या पहिल्या दिवशी भिलाईत केलेली खरेदी महत्त्वाची ठरते.

एका शहरातली तीन शिरस्त्राणे

भिलाईला हेल्मेट नवे नाही. २ फेब्रुवारी १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या आणि १९५९ पासून लोखंड वितळवणाऱ्या या प्रकल्पाने शहराच्या तीन पिढ्यांना डोके झाकण्याची सवय लावली. प्रकल्पात शिरस्त्राणाविना वावरता येत नाही. विदर्भातून आणि पश्चिम महाराष्ट्रातून येथे नोकरीसाठी आलेल्या मराठी कुटुंबांतही वडिलांचे कामावरचे हेल्मेट हे घरातल्या खुंटीवरचे ओळखीचे चित्र आहे. जून २०१४ मधील वायुगळती आणि ऑक्टोबर २०१८ मधील वायुवाहिनीचा स्फोट यांत येथील अनेक घरांनी माणसे गमावली. सुरक्षेच्या नियमांची किंमत या शहराला पुस्तकातून शिकावी लागलेली नाही.

असे असूनही, किंबहुना त्यामुळेच, येथे एक गैरसमज सहज रुजतो. तो असा की, हेल्मेट म्हणजे हेल्मेट. जितके जड आणि जाड तितके चांगले. प्रत्यक्षात प्रत्येक शिरस्त्राण एका विशिष्ट आघाताचा विचार करून घडवलेले असते. कारखान्यातील हेल्मेट ‘आयएस २९२५’ या भारतीय मानकानुसार बनते आणि त्याचे मुख्य काम वरून पडणाऱ्या वस्तूपासून टाळू वाचवणे हे असते. कवच आणि डोके यांच्यामध्ये पट्ट्यांची जाळी असते आणि वरून आलेला मार ती झेलते. माणूस स्वतःच मागे कोसळला, तर मानेच्या वरच्या भागाचे रक्षण करण्यासाठी ते बनलेले नाही. स्कूटरवरचे हेल्मेट ‘आयएस ४१५१’ या मानकाचे. ते वाहनाच्या वेगाचा विचार करते, त्यामुळे जड असते, कान झाकते आणि बाजूचे दृश्य काही प्रमाणात अडवते. प्रौढ माणसाची मान ते पेलते. पाच वर्षांच्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि मानेचे स्नायू कच्चे असतात. त्यावर हा भार चढवला की तोल सांभाळणे, म्हणजे जे शिकण्यासाठी मूल मैदानात उतरले तेच, कठीण होऊन बसते. प्रशिक्षकाची हाक ऐकू न येणे हा आणखी एक तोटा. आपल्या मुलाच्या काळजीपोटी स्कूटरचेच हेल्मेट त्याच्या डोक्यावर चढवून त्याला स्केटिंगला उभे करणाऱ्या पालकाचा हेतू निर्दोष असतो. निवड मात्र चुकते.

तिसरे शिरस्त्राण स्केटिंगचे. बाजारात बूट, गुडघ्यांची व कोपरांची कवचे यांच्यासोबत एकाच पिशवीत ते मिळते. मुलाच्या आवडीच्या रंगाचे असते, हलके असते आणि स्वस्तही असते. अशा संचांतल्या अनेक हेल्मेटांच्या आतील बाजूस पातळ कवच आणि मऊ स्पंजाच्या चार पट्ट्या याखेरीज काही नसते. ही वस्तू डोक्यावर टोपीइतकीच उपयोगी आहे.

कायद्याची हद्द कोठे संपते?

मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमानुसार, २०१९ मधील दुरुस्तीनंतर, चार वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीला दुचाकीवर हेल्मेट आवश्यक आहे. पगडी परिधान करणाऱ्या शीख व्यक्तींना त्यातून सूट आहे. चार वर्षांखालील मुलांसाठी केंद्र सरकारने १५ फेब्रुवारी २०२२ रोजी वेगळे नियम अधिसूचित केले व ते एक वर्षानंतर लागू झाले. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याच्या मापाचे हेल्मेट आणि चालकाला बांधून ठेवणारा पट्टा हवा, तसेच वेग ताशी ४० किलोमीटरहून अधिक नसावा, असे हे नियम सांगतात. दुचाकीस्वारांच्या हेल्मेटांसाठी भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे करणारा २०२० चा आदेश १ जून २०२१ पासून अमलात आला. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, त्या वेळी देशातील १७६ उत्पादकांकडे अशा हेल्मेटांचा वैध परवाना होता. त्याच सुमारास दिल्लीत परवाना संपलेल्या किंवा रद्द झालेल्या उत्पादकांकडून अडीच हजारांवर निकृष्ट हेल्मेटे जप्त करण्यात आली.

ही सगळी व्यवस्था मोटार वाहनासाठी आहे. सात वर्षांची मुलगी आईच्या मागे स्कूटरवर बसून सेक्टरमधल्या पटांगणावर जाते, तोपर्यंत तिच्या डोक्याची चिंता कायद्याला आहे. स्कूटर उभी राहिली, तिने पायात चाके बांधली आणि सिमेंटवर पहिले पाऊल टाकले की ती चिंता संपते. वास्तविक पडण्याची शक्यता त्या क्षणापासून कैकपटीने वाढलेली असते. स्पर्धांच्या पातळीवर परिस्थिती वेगळी आहे. चाकांवरील वेगवान स्केटिंगच्या शर्यतीत हेल्मेटशिवाय उभेच राहता येत नाही. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना बर्फावरील शॉर्ट ट्रॅक शर्यतींसाठी ‘एएसटीएम एफ १८४९’ या मानकाचे, कोठेही टोक किंवा उंचवटा नसलेले हेल्मेट सक्तीचे करते. परंतु तोल सांभाळायला शिकलेल्या खेळाडूसाठी जो नियम कडक आहे, तो तोल न आलेल्या नवशिक्यापर्यंत पोचत नाही. हा उलटा न्याय आहे.

या संदर्भात २०२२ च्या अधिसूचनेतील एका तपशिलाकडे फारसे लक्ष गेलेले नाही. लहान मुलांसाठी मानक ब्युरोचे स्वतंत्र मानक तयार होईपर्यंत कोणते हेल्मेट चालेल, हे सांगताना सरकारने तीन परदेशी मानकांचा उल्लेख केला आहे : अमेरिकेचे ‘एएसटीएम १४४७’ आणि युरोपचे ‘ईएन १०८०’ व ‘ईएन १०७८’. यांपैकी ‘ईएन १०७८’ हे मानक सायकलस्वारांबरोबरच स्केटबोर्ड आणि चाकांवरील स्केटिंग करणाऱ्यांसाठी आहे. अमेरिकी मानकाच्या कक्षेतही सायकल आणि चाकांचे स्केटिंग दोन्ही येतात. म्हणजे स्कूटरवरच्या बालकासाठी सरकारने ज्या मानकांचा आधार घेतला, ती मुळात स्केटिंग करणाऱ्या मुलासाठीही लिहिलेली आहेत. शाळा, क्रीडा संस्था किंवा शिबिरांचे आयोजक यांना नवे संशोधन करण्याची गरज नाही. भारताच्या राजपत्रात आधीच आलेले दोन क्रमांक प्रवेशअर्जावर छापणे एवढेच काम उरते. ते अजून सर्वत्र का होत नाही, याचे समाधानकारक कारण देता येत नाही. हेल्मेटसक्ती म्हटली की आपल्याकडे आधी विरोधाची तयारी होते. जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात निघालेला मोर्चा अनेकांच्या स्मरणात असेल. मुलांच्या खेळाबाबत तसा विरोधही कोणी करणार नाही, इतके हे साधे आहे.

आघाताचे गणित

एक मीटर उंचीवरून मोकळी सोडलेली वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर असतो. उभ्या असलेल्या पहिली-दुसरीतल्या मुलाचे डोके यापेक्षा थोड्या अधिक उंचीवर असते. म्हणजे मूल जागच्या जागी मागे कोसळले, स्केटिंगचा वेग शून्य धरला, तरी त्याची कवटी वेगाने चाललेल्या सायकलच्या गतीने सिमेंटवर किंवा बर्फावर आदळू शकते. सिमेंट दबत नाही, बर्फही दबत नाही. दबण्याचे काम हेल्मेटमधल्या थराला करावे लागते. हा थर काही मिलिमीटर चेपला गेला की डोके थांबण्यास थोडा अधिक वेळ आणि अंतर मिळते व मेंदूवरचा धक्का कमी होतो. सपाट पृष्ठभागावर सुमारे दीड मीटरवरून आपटल्यावर डोक्याच्या प्रतिकृतीला बसणारा धक्का गुरुत्वप्रवेगाच्या २५० पटींहून अधिक असता कामा नये, अशी ‘ईएन १०७८’ची अट आहे. अमेरिकेत १९९९ पासून सक्तीच्या असलेल्या सायकल हेल्मेटच्या मानकात उंची दोन मीटर आणि मर्यादा ३०० पटींची आहे.

चाकांवरील आणि बर्फावरील पडणे सारखे नसते, ही गोष्ट खरेदी करताना सहसा विचारात घेतली जात नाही. चाकाखाली खडा आला की मूल बहुधा पुढे पडते आणि हात टेकते. म्हणून तेथे मनगटाचे हाड मोडण्याचे प्रमाण मोठे. १९९६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात मनगटाची कवचे न वापरणाऱ्यांना मनगटाच्या दुखापतीचा धोका सुमारे दहा पट आढळला होता. बर्फावर पाते पुढे निसटते, पाय अंगाखालून निघून जातात आणि हात मागे नेण्याआधीच डोक्याची मागची बाजू टेकते. २००४ मध्ये ‘पेडिअ‍ॅट्रिक्स’ या बालवैद्यक नियतकालिकातील एका अभ्यासाने चाकांवर आणि बर्फावर जखमी झालेल्या मुलांची तुलना केली. बर्फावरच्या मुलांत डोक्याच्या दुखापतींचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक निघाले. बर्फावर स्केटिंग करणाऱ्या मुलांनी हेल्मेट घालावे, हा निष्कर्ष त्या लेखाच्या शीर्षकातच होता. तरीही दूरचित्रवाणीवर दिसणारे कलात्मक स्केटिंगचे खेळाडू हेल्मेट घालत नाहीत आणि मुलांच्या मनात तीच प्रतिमा ठसलेली असते. त्या खेळाडूंनी पडायचे कसे हेदेखील वर्षानुवर्षे शिकलेले असते, हे पडद्यावर दिसत नाही.

मग बर्फासाठी कोणते हेल्मेट? येथे जाणकारांतही एकमत नाही. अमेरिकेच्या ग्राहकोपयोगी वस्तू सुरक्षा आयोगाची भूमिका सौम्य आहे. मनोरंजनासाठी बर्फावर स्केटिंग करणाऱ्यांकरिता स्वतंत्र मानक नसल्याने सायकल, स्केटबोर्ड किंवा स्कीइंगचे प्रमाणित हेल्मेट घालणे हे काहीच न घालण्यापेक्षा बरे, असे तो सुचवतो. कॅनडात, जेथे मुले चालायला शिकल्यावर लगेच बर्फावर उतरतात, ‘स्केट कॅनडा’ या संस्थेचा नियम स्पष्ट आहे. तिच्या प्राथमिक शिक्षणक्रमात पाचव्या टप्प्यापर्यंतच्या प्रत्येक शिकाऊ व्यक्तीला कॅनडाच्या मानकानुसार प्रमाणित असलेले आइस हॉकीचे हेल्मेटच हवे. सायकलचे चालत नाही.

या मतभेदाच्या मुळाशी आतल्या थराचा प्रकार आहे. सायकलच्या हेल्मेटमध्ये साधारणतः थर्माकोलच्या जातीचा कडक थर असतो. मोठा धक्का तो उत्तम पचवतो, परंतु एकदा चेपला की पूर्ववत होत नाही. हॉकीच्या हेल्मेटमधील थर पुन्हा फुगून जागेवर येतो. तो तुलनेने कमी उंचीच्या, पण वारंवार होणाऱ्या आघातांसाठी असतो. नवशिके मूल एका तासात दहा वेळा पडते. त्यातले नऊ वेळा काहीच होत नाही. सायकलच्या हेल्मेटवर अशा लहानसहान पडण्याच्या खुणा साचत जातात आणि दहाव्या वेळी नेमका तोच भाग टेकला, तर तेथे दबण्यासारखे फारसे उरलेले नसते. कॅनडाची भूमिका म्हणूनच अधिक पटणारी आहे. तथापि भिलाईसारख्या शहरात आइस हॉकीचे हेल्मेट दुकानात सहज मिळत नाही. ज्या मुलाचे बहुतेक शिक्षण चाकांवरच होणार आहे, त्याच्यासाठी ‘ईएन १०७८’ किंवा समकक्ष मानकाचे, मागून खाली उतरणारे गोल कवचाचे हेल्मेट हाच व्यवहार्य पर्याय ठरतो. पुढे टोक काढलेली, मागे निमुळती होणारी सायकल शर्यतीची हेल्मेटे बर्फावर विशेष गैरसोयीची ठरतात, कारण ज्या भागावर मूल पडते तोच भाग त्यांत कमी झाकलेला असतो. सुटीत आठ-दहा दिवस बर्फावर जाणाऱ्यांनी मैदानावर हॉकीचे हेल्मेट भाड्याने मिळते का, याची आगाऊ चौकशी करणे श्रेयस्कर. जे शॉर्ट ट्रॅककडे गंभीरपणे वळणार आहेत, त्यांच्यासाठी पर्याय नाहीच. त्या खेळाचे हेल्मेट घ्यावेच लागते.

माप आणि वाढते अंग

प्रमाणित हेल्मेट ओळखणे फार अवघड नाही. आत चिकटवलेल्या पट्टीवर मानकाचा क्रमांक, उत्पादकाचे नाव, डोक्याच्या घेराचे माप, वजन आणि उत्पादनाचे वर्ष असावे लागते. नुसती ‘सीई’ ही दोन अक्षरे छापलेली असणे पुरेसे नाही. शेजारी क्रमांक नसेल तर त्या अक्षरांचा अर्थ शून्य. आतला थर अंगठ्याने दाबून पाहावा. स्पंजासारखा सहज आत गेला आणि त्यामागे लगेच कवच लागले, तर दुकानदाराशी घासाघीस करण्यात वेळ घालवू नये.

खरी गडबड मापात होते. कपडे वाढत्या अंगाचे घेण्याची आपल्याकडची रीत काटकसरीची आहे आणि शाळेच्या गणवेशाला ती शोभते. हेल्मेटच्या बाबतीत ती घातक आहे. पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण ५० ते ५१ सेंटिमीटर असतो. त्याला ५६ सेंटिमीटरचे हेल्मेट घातले, तर पडताना ते आधीच सरकते आणि डोक्याचा उघडा भाग जमिनीवर येतो. मापनफीत भुवयांच्या किंचित वर, कपाळाभोवती फिरवून घेर मोजावा. हेल्मेट आडवे बसावे, पुढची कड भुवईपासून दोन बोटांच्या आत असावी, पट्ट्या कानाखाली जुळाव्यात आणि हनुवटीखाली एक बोट जेमतेम शिरावे. हनुवटीचा पट्टा न लावता मुलाला मान खाली घालून डोके हलवायला सांगितले तरी हेल्मेट जागेवर राहिले पाहिजे.

भारतीय मुलांच्या बाबतीत केसांचा प्रश्न परदेशी माहितीपत्रकांत सापडत नाही. उंच बांधलेली वेणी किंवा डोक्याच्या मध्यावरचा अंबाडा असेल तर हेल्मेट टाळूवर तरंगते. मुलींच्या वेण्या मानेजवळ खाली बांधल्या की हा प्रश्न सुटतो. भिलाईत शीख कुटुंबांची संख्याही मोठी आहे. पटका बांधणाऱ्या मुलाचा केसांचा गोळा वर असतो आणि तो खाली आणणे कुटुंबाला मान्य नसते. कॅनडात एका शीख मातेने या गरजेतून वर उंचवटा ठेवलेले, प्रमाणित हेल्मेट अलीकडच्या वर्षांत तयार करवून घेतले. भारतात, जेथे अशी मुले कैकपटीने अधिक आहेत, त्याकडे उत्पादकांचे लक्ष जायला हवे होते. बिनमापाचे हेल्मेट कसेबसे बसवणे किंवा मुलाला खेळापासूनच दूर ठेवणे, हे दोन्ही मार्ग योग्य नाहीत.

उन्हाचा विचारही करावा लागतो. बंद मोटारीत किंवा स्कूटरच्या डिकीत उन्हाळाभर ठेवलेल्या हेल्मेटचा आतला थर उष्णतेने खराब होतो. बाहेरून ते नव्यासारखे दिसते. शिबिरात एकच हेल्मेट दहा मुलांनी आळीपाळीने वापरण्याची पद्धत उवा आणि घाम यांमुळे मुलांना नकोशी होते व मग ती हेल्मेट काढून ठेवण्याची सबब शोधतात. अशा ठिकाणी डोक्यावर आधी पातळ सुती टोपी किंवा रुमाल बांधणे हा साधा उपाय आहे, मात्र जाड कापडाने माप बिघडते.

आणखी एक धोका मैदानाबाहेरचा. स्केटिंग संपल्यावर हेल्मेट तसेच ठेवून मुले घसरगुंडीवर किंवा झाडावर चढतात. हेल्मेट अडकले आणि अंग खाली लोंबकळले तर हनुवटीचा पट्टा गळफास ठरू शकतो. युरोपमध्ये ‘ईएन १०८०’ हे मानक याच कारणाने वेगळे काढावे लागले. त्यातील हिरव्या रंगाचा खटका ठरावीक भार आला की आपोआप सुटतो. आपल्याकडे असे हेल्मेट क्वचित मिळते. त्यामुळे पायातली चाके सोडताना डोक्यावरचे हेल्मेटही उतरवणे, एवढा नियम प्रशिक्षकांनी घालून दिला तरी पुरे.

कोणतेही हेल्मेट मेंदूची प्रत्येक दुखापत टाळत नाही. कवटी फुटण्यापासून ते चांगले संरक्षण देते, परंतु डोके गरकन फिरल्याने मेंदूला बसणारा हिसका पूर्णपणे रोखू शकत नाही. मार्च २००९ मध्ये ब्रिटिश अभिनेत्री नताशा रिचर्डसन कॅनडातील माँ त्रांब्लाँ येथे नवशिक्यांच्या उतारावर स्कीइंग शिकताना पडल्या. डोक्यावर हेल्मेट नव्हते. पडल्यावर त्या उठल्या, बोलल्या, बरे वाटत असल्याचे त्यांनी सांगितले. कवटीच्या आत रक्तस्राव होत राहिला आणि दोन दिवसांनी त्यांचे निधन झाले. पडल्यानंतर मूल हसत उभे राहिले याचा अर्थ काही झाले नाही असा होत नाही. डोके जोरात आपटल्यावर त्या दिवशीचा सराव थांबवणे, पुढचे चोवीस तास मुलावर लक्ष ठेवणे आणि उलटी, वाढती डोकेदुखी, अनावर झोप किंवा बोलण्यात गोंधळ दिसताच रुग्णालय गाठणे, हे पालकांइतकेच प्रशिक्षकांनाही ठाऊक असले पाहिजे. ते हेल्मेट, वरून कितीही चांगले दिसत असले तरी, पुन्हा वापरायचे नाही आणि धाकट्या भावंडालाही द्यायचे नाही.

भिलाईत उन्हाळी क्रीडा शिबिरांची जुनी परंपरा आहे. शिबिरांच्या प्रवेशअर्जात मुलाचे वय, उंची, रक्तगट विचारला जातो. तेथेच डोक्याच्या घेराचा एक रकाना आणि हेल्मेटवरील मानकाच्या क्रमांकाचा दुसरा रकाना ठेवला, तर पालकाला तो भरण्यासाठी घरी जाऊन मापनफीत काढावी लागेल आणि हेल्मेट उलटे करून आतली पट्टी वाचावी लागेल. पट्टी नसेल तर तेही त्याच वेळी कळेल.